पायरीवर आपटून फुटलेली रिमोटची होडी : तळ आतून मजबूत कसा करायचा?

खणभागी
मंडळी, मदत पाहिजे. माझी रिमोटची होडी ६५ सेंटीमीटरची आहे. व्ही तळाची, एबीएस प्लास्टिकची, आत ब्रशलेस मोटार आणि ३एस, म्हणजे तीन सेलची बॅटरी. सांगलीत कृष्णेच्या माई घाटावर सकाळी उजाडलं की चालवतो. नंतर पोहणाऱ्यांची गर्दी होते, आणि कुणाच्या अंगावर गेली तर होडीबरोबर मलाही बुडवतील.

परवा नदीचं पाणी उतरलं होतं. एक पायरी पाण्याखाली जेमतेम चार बोटं होती, ती मला दिसली नाही. फुल थ्रॉटलवर होडी त्या पायरीवर चढली, हवेत गेली आणि वरच्या कोरड्या पायरीवर नाकावर पडली. काळा दगड तो, त्याला काय होतंय. होडीला नाकापासून मागं कण्याच्या शेजारून १४ सेंटीमीटरची चीर.

यापुढं मी जे केलं ते खरं सांगतो, हसलात तरी चालेल. बंपर दुरुस्त करणाऱ्या एका फायबरवाल्याकडून अर्धा किलो रेझिन, हार्डनर आणि काचतंतूंची मॅट आणली, चौरस मीटरला ४५० ग्रॅमची. नाकापासून मोटारीच्या माउंटच्या दोन बोटं अलीकडपर्यंत, आतून दोन थर थापले. आई म्हणाली, "सारवतोयस काय रे?" वाळल्यावर नुसता दगड झाला. बरं वाटलं. मग स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवली. आधी १,४५० ग्रॅम होती, आता १,७९०.

पाण्यात सोडली तर नाक खाली, पाण्यावर उठायलाच तयार नाही. नांगराला जुंपल्यागत चालली. दुसऱ्या दिवशी केंदाळात अडकली, दोरी टाकून ओढली, तर आतून टक्क. नवी चीर पडली ती जुन्या जागी नाही, बरोबर मॅट संपते त्या रेषेवर. शिवाय मॅटचा एक कोपरा पापुद्र्यासारखा उचलला गेला आणि त्याच्याखाली प्लास्टिक कारखान्यातून आलं तसं चकचकीत.

हे सगळं काढून परत करू, का नवा हल, म्हणजे होडीचं रिकामं अंगच मागवू? नवा हल म्हणजे होडीच्या निम्म्या किमतीचा.

मर्दा_मोटारी
नवा कशाला मर्दा. फेविक्विक आन खायचा सोडा. चिरेत सोडा भरायचा, वरनं थेंब थेंब सोडायचा, धूर आला की समजायचं झालं काम. मी गाडीचं मडगार्ड असंच जोडलंय. दोन वर्षं झाली.

खणभागी
मडगार्ड पायरीवर आपटतंय का रोज?

मर्दा_मोटारी
माझ्या बायकोला विचारा.

कुपवाड_मोल्डर
खणभागी, मी फायबरच्या कामात आहे, रोज हेच करतो. रेझिन वाईट नव्हतं, मॅटही वाईट नव्हती. अ‍ॅक्रिलिकच्या बाथटबला मागून हेच पॉलिस्टर रेझिन आणि हीच मॅट मारतात. तो टब पाण्यासकट माणसाचं वजन घेतो. पण टबाची पाठ आधी खरवडून घेतात, आणि टब किती जड झाला याची कुणाला फिकीर नसते. तुम्ही खरवडलं नाही आणि तुमच्याकडं वजनाला जागा नव्हती. एवढंच चुकलं.

वजनाचा हिशोब करून बघा. तुम्ही साधारण ४८ बाय २२ सेंटीमीटर जागा झाकली असणार, म्हणजे चौरस मीटरचा दहावा भाग. ४५० ची मॅट दोन थर, काचच ९५ ग्रॅम. मॅट म्हणजे तुटक तंतूंची गादी, ती रेझिन पिते. हातानं मारताना काचेच्या सव्वादोनपट तरी रेझिन जातं. म्हणजे २१० ते २२०. झाले ३१० ग्रॅम, वर खळग्यांत साचलेलं वेगळं. तुमचा काटा बरोबर बोलतोय.

त्याच जागेला २०० ग्रॅमचं विणलेलं ग्लास कापड लावलं असतं तर कापड २१ ग्रॅम आणि तेवढंच किंवा थोडं जास्त इपॉक्सी, म्हणजे दुसऱ्या जातीचं रेझिन. एका थराला ४५ ग्रॅम. दोन थर मारले तरी शंभराच्या आत. आणि विणलेल्या कापडाचा धागा अखंड असतो, चिरेच्या या काठावरून त्या काठावर सरळ जातो. ताण तोच घेतो, रेझिन फक्त त्याला जागेवर धरून ठेवतं. आमच्याकडं नवीन पोरगं आलं की रेझिन जास्त ओततं, त्याला वाटतं मजबुती डब्यात आहे.

मॅटवर इपॉक्सी मारायला जाऊ नका. मॅटचे तंतू ज्या बाइंडरनं धरलेले असतात तो पॉलिस्टरमधल्या स्टायरिननं विरघळतो. इपॉक्सीत स्टायरिन नसतं, मॅट ताठच राहते, वळणात बसत नाही. मॅटला पॉलिस्टर, कापडाला इपॉक्सी असं डोक्यात ठेवा. तुमच्या पातळ एबीएसला पॉलिस्टर नकोच. स्टायरिन एबीएसला मऊ करतं, त्यात वाळताना रेझिन तापतं, आणि दीड-दोन मिलिमीटरचा तळ वाकडा होतो.

काढायचं कसं ते उद्या लिहितो, आता सेकंड शिफ्ट आहे.

तुंबा
मी मिरजेची. आमच्या घरात सतारी-तानपुरे बनतात, होड्यांतलं मला काही कळत नाही. पण तुमची नवी चीर "मॅट संपते त्या रेषेवर" पडली हे वाचून थांबले.

तुंब्याचे भोपळे आमच्याकडं पंढरपूर-मंगळवेढा भागातून येतात. वाळलेला भोपळा पातळ असतो, प्रवासात तडकतो. तडा गेला की आतून कापडाची पट्टी सरसात भिजवून लावतात, मोठं भोक असेल तर दुसऱ्या भोपळ्याचा त्याच गोलाईचा तुकडा बसवतात. मी लहान असताना एकदा जाड कापडाची चांगली चौकोनी पट्टी लावली होती, दोन पदर, एकावर एक बरोबर जुळवून. वडिलांनी बघितलं, काही बोलले नाहीत, बोटानं फक्त पट्टीची कड दाखवली. आठवड्यात तिथंच तडकला. मधला भाग ताठ आणि त्याच्या लगेच शेजारी पातळ, तर सगळा वाकवा त्या एका रेषेवर येतो. तेव्हापासून पट्टीचे कोपरे गोल कापते, कडेचे धागे उसवून झालर करते, आणि दुसरा पदर पहिल्यापेक्षा बोटभर मोठा घेते.

अजून एक. पट्टी कुठं सुटली आहे हे बघण्यापेक्षा ऐकायला सोपं असतं. टिचकी मारा. धरलेली जागा टणक वाजते, सुटलेली बद्द.

कुपवाड_मोल्डर
तुंबाताई, नमस्कार स्वीकारा. आमच्याकडं हेच नाणं वाजवून बघतात. कडेचं मात्र मी लिहायला विसरलो होतो आणि तीच मुख्य गोष्ट होती.

खणभागी
रुपयाचं नाणं घेऊन तासभर वाजवत बसलो. आईनं विचारलं देव बोलवतोयस का. तीन भागांतले दोन भाग बद्द वाजतायत. म्हणजे मी होडीच्या आत एक सुटी परात ठेवून फिरत होतो.

शेततळं
तासगावकडचा, द्राक्षवाला. आमच्या शेततळ्यात मी पण होडी चालवतो, छाटणी उरकली की वेळ असतो. पायरी नाही, केंदाळ नाही, काठाला प्लास्टिकचा कागद. आपटली तरी घसरून वर येते आणि परत पाण्यात जाते. मागं धारदार मेटलचा पंखा होता, त्यानं कागदाला चीर पाडली. वडिलांनी पंखा नाही, मला काढलं होतं. आता प्लास्टिकचा पंखा लावतो आणि काठापासून दोन मीटर आतच फिरवतो.

पण एक गोष्ट नव्या पोरांना सांगून ठेवतो. शेततळ्यात होडी बंद पडली तर आत उतरायचं नाही. कागद शेवाळलेला असतो, उताराला पाय ठरत नाही, पट्टीचा पोहणारा पण वर चढू शकत नाही. मी गळाची काठी ठेवतो, दोऱ्याला टेनिसचा बॉल. बॉल होडीच्या पलीकडं टाकायचा आणि हळूहळू गुंडाळायचं. आणि काठावर ट्यूब आणि दोर बांधलेला हवाच, होडी असो नसो.

अकरावी_सायन्स
दादा, मला पण फायबरची होडी करायची आहे. दुकानात रेझिनबरोबर दोन बाटल्या दिल्या. एक जांभळी, एक पाण्यासारखी. दोन्ही आधी एकत्र करून मग रेझिनमध्ये टाकल्या तर नीट मिसळतील ना?

कुपवाड_मोल्डर
नाही!! थांब. त्या दोन बाटल्या एकमेकींना कधीही भेटू द्यायच्या नाहीत. जांभळी म्हणजे कोबाल्ट, अ‍ॅक्सिलरेटर. पाण्यासारखी म्हणजे हार्डनर, पेरॉक्साइड. सरळ एकत्र आल्या तर भडका उडतो. कोबाल्ट आधी पूर्ण रेझिनमध्ये ढवळायचं, ते एकजीव झाल्यावर मग हार्डनर, १०० ग्रॅमला १ ते २ ग्रॅम, उन्हाळ्यात कमीकडं. बाटल्या वेगवेगळ्या कपाटात ठेव. हार्डनर डोळ्यात गेला तर डोळा जातो, चष्मा घालूनच काम कर. आणि घरात कुणाला तरी सांगून कर, गच्चीवर, दार उघडं ठेवून.

दुकानात विचार, बहुतेक वेळा रेझिनमध्ये कोबाल्ट आधीच घातलेलं मिळतं. तेच घे, एक बाटली कमी.

अकरावी_सायन्स
बरं झालं विचारलं. कार्बनचं कापड लावलं तर? भारी दिसतंय.

मर्दा_मोटारी
भारी दिसतंय आन भारी पडतंय.

कुपवाड_मोल्डर
कार्बन विजेला वाट देतं, त्यामुळं रेडिओ अडवतं. अख्खा हल कार्बनचा आणि रिसीव्हरची अँटेना आत, तर २.४ गिगाहर्ट्झचा सिग्नल आत पोचायची मारामार. काठापासून लांब गेली की होडी बहिरी. कार्बन लावायचंच तर कण्यावर एक पट्टी, आणि अँटेनाची वायर नळीत घालून वरच्या डेकवर काढायची. केवलारचं कापडही नवख्यानं घेऊ नये. कात्रीनं कापत नाही, आणि घासायला गेलं की केसाळ होतं, गुळगुळीत होतच नाही. काच स्वस्त, ओळखीची, घासता येणारी. काचच घे.

आता खणभागी, तुमचं काम.

जिथं बद्द वाजतंय तिथली मॅट पटाशीनं अलगद उचलून काढा. धरलेली आहे तिथं ओढाताण करू नका, प्लास्टिक घेऊन निघेल. ती घासून पातळ करा. जुन्या पॉलिस्टरवर इपॉक्सी छान धरतं, उलटं नाही. इपॉक्सीवर पॉलिस्टर मारलं तर चिकचिकत राहतं आणि सुटतं.

दोन्ही चिरांच्या टोकांना २ मिलिमीटरचं भोक पाडा. चीर पुढं पळते ती तिच्या टोकावर सगळा ताण एकवटतो म्हणून, गोल भोकाशी आली की थांबते. टोक डोळ्याला दिसतं त्याच्या थोडं पुढं असतं, म्हणून भोक दिसणाऱ्या टोकाच्या किंचित पुढं. हे केल्याशिवाय वरून सोन्याचा पत्रा ठोकला तरी चीर खालून चालत राहणार.

मग भांड्याच्या साबणानं आतून धुवा. मोल्डमधून काढताना लावलेलं मेणचट काहीतरी, पंखा फिरवणाऱ्या शाफ्टचं ग्रीस, तुमच्या बोटांचा घाम, सगळं. आधी धुवायचं, मग घासायचं. उलट केलं तर ग्रीस ओरखड्यांत घासून बसतं. कोरडं झाल्यावर ८० नंबरचा पॉलिश पेपर, आडवा आणि उभा. टॉर्च मारून तिरकं बघायचं, एक ठिपका जरी चकाकला तरी तिथं परत. तुमच्या फोटोत जे चकचकीत प्लास्टिक दिसतंय ना, तेवढंच तुमच्या ३४० ग्रॅमवर भारी पडलं. शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा. थिनर, अ‍ॅसिटोन अजिबात नको, एबीएस विरघळतं.

बाहेरून चिरेचे काठ बरोबर जुळवून खाकी पॅकिंग टेप लावा. इपॉक्सी तिला चिकटत नाही. इथं मर्दा_मोटारींचा सोडा चालेल, काठ जुळवून धरायला दोन-तीन ठिपके. पण ते जोड काचेसारखे कडक आणि ठिसूळ असतात, तळ वाकला की कडकन तुटतात. पुढच्या कापडापर्यंत धरलं तरी पुष्कळ.

इपॉक्सी २४ तासांत वाळणारं सावकाश घ्या. पाच मिनिटांचं घेतलं तर कापड भिजायच्या आत वाटीत दगड, आणि ते पाण्यालाही कमी टिकतं. एका वेळी ३० ग्रॅमपेक्षा जास्त कालवू नका, आणि कालवलं की पसरट ताटलीत ओता. वाटीत ढीग राहिला की स्वतःच तापतो आणि लवकर घट्ट होतो. पहिली पट्टी चिरेवर ३ सेंटीमीटर रुंद, दुसरी ५, मग पूर्ण तळाचं एक कापड. कोपरे गोल, कडा झालर, ताईंनी सांगितलं तसं. कापड मोटारीच्या माउंटच्या अलीकडं थांबवू नका, ट्रान्समपर्यंत, म्हणजे होडीच्या मागच्या उभ्या भिंतीपर्यंत न्या. जुन्या एटीएम कार्डानं जास्तीचं इपॉक्सी ओढून काढा. कापडाची वीण दिसली पाहिजे. आरशासारखं गुळगुळीत दिसलं म्हणजे तुम्ही परत वजन भरलंत.

मास्क, हातमोजे, पूर्ण बाह्या. काच अंगाला लागली तर गार पाण्यानं धुवा, चोळू नका, गरम पाणी नको.

माहुलीकर
साताऱ्याहून लिहितो. कृष्णा-वेण्णेच्या संगमावर प्लायवूडची होडी चालवणारा मी एक म्हातारा. लाकडाचा मुद्दा कुणी घेतला नाही म्हणून लिहितो आहे.

प्लायच्या होडीला चीर पडली की आत ओल जाते आणि लोक वरून वाळलेली बघून कापड चढवतात. आत कोंडलेल्या ओलीनं मग प्लायचे पदर सुटतात. मी होडी रोज संध्याकाळी काट्यावर ठेवतो आणि वहीत वजन लिहितो. मागच्या वेळी २,१६० पासून घसरत २,०७० वर आली, तिथं तीन दिवस हलली नाही, मग हात लावला. तोपर्यंत थांबायचं. घाई करणाऱ्यांनी प्लास्टिक वापरावं.

प्लाय घेताना त्यावरचा शिक्का बघा. आयएस ७१० म्हणजे मरीन प्लाय. आयएस ३०३ म्हणजे फर्निचरचा. वॉटरप्रूफ आहे असं दुकानदार दोन्हींना सांगतो.

खणभागींना एक सुचवतो. सगळा तळ जाड करण्यापेक्षा आडव्या फासळ्या घाला. पत्र्याची जाडी दुप्पट केली की ताठपणा आठपट होतो, हे खरं, पण वजनही दुप्पट होतं. त्यापेक्षा ५ मिलिमीटर उंचीची बाल्साची पट्टी तळावर उभी चिकटवून तिच्यावरून कापडाची एक पट्टी ओढली, तर जाडी हवी तिथंच मिळते आणि वजन दोन-चार ग्रॅम.

कुपवाड_मोल्डर
काका बरोबर बोलतायत. फक्त फासळीची टोकं एकदम कापू नका, निमुळती करत तळाला मिळवा. नाहीतर तीच कडेची गोष्ट.

या ताठपणावरून एक आठवलं. पलूसकडं आमच्या मामांचं गुऱ्हाळ होतं. पुरात गुळाची काहील होडी म्हणून काढायचे, आत चार माणसं. एवढ्या पातळ पत्र्याची एवढी मोठी काहील वाकत कशी नाही म्हणून लहानपणी मी ठोकून बघायचो. गोलाई आणि वळवलेला काठ, बाकी काही नाही. तुमच्या होडीतही नाकाकडं व्ही खोल आहे तिथं ती आपोआप ताठ आहे. मागं तळ सपाट होत जातो, फासळ्या तिथं घाला.

मर्दा_मोटारी
काहिलीला ब्रशलेस बसवा की एक. नाद खुळा हुईल.

शेततळं
खणभागी, आत मोकळी जागा राहिली तर फोम भरा. माझी एकदा तळ्यात बुडाली, तळं अठरा फूट. मोटरनं पाणी उपसायची वेळ येणार होती, पण गळाला लागली. थर्माकोल नको, टीव्ही-फ्रिजच्या खोक्यात येतो तो मऊ पांढरा ईपीई फोम घ्या. एक लिटर फोम एक किलोच्या आसपास उचलतो. एबीएस पाण्यापेक्षा किंचितच जड असतं, ते स्वतःला जवळजवळ पेलतं. बुडवतात ते मोटार, बॅटरी आणि शाफ्ट. तुमच्या होडीला एक लिटर भरपूर झाला.

अकरावी_सायन्स
थर्माकोल का नको? पाणी पीत नाही ना तो.

कुपवाड_मोल्डर
पॉलिस्टर रेझिन किंवा अ‍ॅसिटोनचा एक थेंब टाकून बघ त्याच्यावर. गच्चीवर टाक.

अकरावी_सायन्स
बापरे. गायबच झाला.

खणभागी
मंडळी, झालं. सविस्तर लिहितो, कारण दोन ठिकाणी अडकलो होतो.

मॅट काढायला दोन संध्याकाळी लागल्या. नाकाजवळचा तळहाताएवढा तुकडा मात्र सुटेना, तिथं मी पहिल्यांदा घाईत का होईना पेपर मारला होता. तो ठेवला, घासून पातळ केला. बाकी निघालेली मॅट आणि धूळ काट्यावर टाकली, २७० ग्रॅम. हसू पण आलं आणि रडू पण.

८० च्या पेपरनं घासताना चकाकी जाता जात नव्हती. कण्याच्या खाचेत बोट पोचत नव्हतं, तिथं आइस्क्रीमच्या काडीला पेपर गुंडाळून केलं. कापड विट्याच्या एका मित्रानं पाठवलं, त्याच्याकडं विमानाचं उरलेलं होतं. कोरडं कापड कापताना कडा सुटून जात होत्या, तर तुंबाताईंची झालर आपोआपच झाली.

पहिली अडचण अशी की दुसऱ्या दिवशी सकाळी हात लावला तर वर तेलकट, मेणचट थर. धसका बसला, वाटलं हार्डनर कमी पडला.

कुपवाड_मोल्डर
नाही, तो अमाइनचा थर, अमाइन म्हणजे इपॉक्सीच्या हार्डनरमधलं रसायन. हवेतली ओल आणि इपॉक्सी यांचं लग्न. सकाळी नदीकाठी धुकं असतं ना सध्या, त्यानं जास्त येतो. साबण-पाणी आणि हिरव्या स्क्रबरनं जातो. तो घालवल्याशिवाय घासायचं नाही, आणि वर पुढचा थर किंवा रंग पण नाही.

खणभागी
तेच केलं, मग खाली टणक लागलं. फासळ्या दोन घातल्या, मागच्या सपाट भागात, टोकं निमुळती. एकूण वाढ: कापड, इपॉक्सी, फासळ्या, ठेवलेला मॅटचा तुकडा, सगळं धरून १५० ग्रॅम. होडी आता १,६०० वर.

दुसरी अडचण तुम्ही कुणी सांगितली नव्हती. बाहेरून तळाला स्टीलची फूटपट्टी लावून बघितली तर मागच्या बाजूला, ट्रान्समच्या जवळ, पट्टीखालून उजेड दिसतोय. साधारण अर्धा मिलिमीटर. हे आधीचं का माझं?

कुपवाड_मोल्डर
तुमचंही असेल, कारखान्याचंही असेल. पण बरं झालं बघितलंत, मी विसरलो होतो. मागचा तळ आत वळलेला असेल तर पाणी होडीचं शेपूट उचलतं आणि नाक खाली दाबतं. बाहेर फुगलेला असेल तर होडी डॉल्फिनसारखी उड्या मारत चालते. मागच्या १५ सेंटीमीटरला तळ सरळ पाहिजे. खळग्यात इपॉक्सीमध्ये शंखजिऱ्याची पूड कालवून दह्यासारखं घट्ट करून भरा, आणि काचेच्या तुकड्यावर पेपर चिकटवून घासा. बोटानं घासू नका, बोट खळगा धरूनच चालतं.

आणि तोल बघा. ६५ सेंटीमीटरच्या होडीचा तोल ट्रान्समपासून १९ ते २० सेंटीमीटरवर यायला हवा, लांबीच्या ३० टक्क्यांच्या आसपास. पुढं वजन वाढलंय, बॅटरी मागं सरकवा.

खणभागी
बॅटरी चार सेंटीमीटर मागं गेली तेव्हा दोन बोटांवर सरळ राहिली.

आज सकाळी घाटावर गेलो. आयर्विन पुलावरून दोघं-तिघं वाकून बघत होते. होडी सुटली आणि तीन-चार वावांत पाण्यावर आली. आधी जो थडथड आवाज यायचा तळाचा, पत्र्याच्या डब्यासारखा, तो गेलाय. आता लाटेवर टपटप वाजते. एकदा मुद्दाम नाही, पण खरंच चुकून, पायरीला घासली. काढून बघितली, रंग गेलाय, चीर नाही.

तुंबाताई, टिचकी मारून बघितली. सगळीकडं टणक.

पण आत चमचाभर पाणी होतं. दोन फेऱ्यांत. चिरेची जागा बाहेरून-आतून बघितली, कोरडी ठणठणीत. आता हे कुठून?

माहुलीकर
आत पीठ किंवा टाल्कम पावडर भुरभुरवा आणि होडी बादलीत दाबून धरा. पाणी आलं तिथून पावडरीत ओघळ दिसतो. बाळाला लावायची पावडर चालते.

खणभागी
काका, जमलं. ओघळ शाफ्टच्या नळीतून आहे. मागं पंख्याकडून आत. म्हणजे सगळा तळ नवा करून पाणी जुन्याच दारानं येतंय.

कुपवाड_मोल्डर
कापड लावताना शाफ्ट बाहेर काढला होता ना? ग्रीस पुसून गेलं असेल. शाफ्ट काढा, पुसा, मरीन ग्रीस नळीत भरून परत घाला, मागच्या तोंडाला बाहेर येईपर्यंत. पाण्याला अडवते ती नळी नव्हे, ग्रीस अडवतं. दर दोन-तीन बॅटऱ्यांनंतर परत भरायचं. आणि दुपारच्या उन्हात गाडीच्या डिकीत होडी ठेवू नका. घरी वाळलेलं इपॉक्सी ५०-६० अंशांना नरम पडतं, तुमचा रंग काळा आहे.

खणभागी
भरलं. संध्याकाळी दोन बॅटऱ्या संपवल्या. आत बोट फिरवलं, कोरडं.

तुंबा
फोटोत पट्टीची कड छान उतरली आहे. वडिलांना दाखवला, ते म्हणाले तुंबा कुठं आहे याचा?

मर्दा_मोटारी
सोड्याचं तीन ठिपके तेवढं लक्षात ठेवा मंडळी. सुरुवात कुणी केली होती.

शेततळं
खणभागी, रविवारी तळ्यावर या. मोल्डर आणि तुंबाताईपण या, ज्वारीचा हुरडा आहे. मणेराजुरी फाट्यावरून फोन करा, पुढचं सांगतो. गाडी विहिरीकडं लावू नका, तिथं चिखल आहे, बांधावर लावा.